भावोजींची फिल्म

आमच्या थोरल्या भावोजींसारखा फोटोग्राफर तारोडीत पुन्हा झाला नाही, आणि बरंच झालं. लढाईमुळे फिल्म मिळत नव्हती. यांनी कुठूनतरी एक रोल मिळवला, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो काढले, फिल्म घरीच धुतली आणि ओलीच नेऊन बोंबील सुकवायच्या काठ्यांवर टांगली.

आई म्हणाली, "जावयबापू, तिथं माश्या हायत."

"तुम्ही बोंबलांचं बघा. फोटोतलं तुम्हाला कळायचं नाही."

फोटो छापून आले. नवरा-नवरी धुक्यात उभे असल्यासारखे, आणि दोघांच्या तोंडावर पांढऱ्या माश्या.

भावोजी म्हणाले, "हवा दमट होती."

आईने फोटो डोळ्यांजवळ धरला. "माश्यांचे पाय मोजता येतात, जावयबापू. यात माझी पोरगी कुठं हाय, ती तेवढी दाखवा."