कंबर आधी, हात मागून

नाही नाही, मला बसा म्हणू नका, बसले की कंबर धरते, आणि कंबरेचं नाव काढलंत तर मी रडेन! महिनाभर झाला, उठता-बसता तोंडात एकच... ‘कंबर आधी, हात मागून!’ भाकरी थापताना तेच, देवाला फुलं वाहताना तेच. परवा हे पानावर बसले होते, म्हणाले, “अगं, आमटी वाढतेस का कवायत घेतेस?” आता ह्यात आईनं काय करायचं, सांगा!

तुम्हाला सांगते, ही सगळी करणी पांडुरंग मास्तरांची. आमच्या प्रभंजनच्या शाळेतले कवायतीचे मास्तर हो. मद्रासला जाऊन शिकून आले, आणि येताना काय आणलं? दुसरा कुणी बायकोला लुगडं आणील, ह्यांनी बेसबॉल आणला! क्रिकेट नव्हे, क्रिकेट तरी साहेबलोकांचं लांबून बघितलेलं असतं आपण. हे अमेरिकेतलं. हातात मुसळासारखं गोल दांडकं, समोरून एकजण चेंडू फेकणार, तो टप्पा न खाता सरळ येणार, आपण तो मारायचा, दांडकं तिथंच टाकायचं आणि पळत सुटायचं. चार कोपऱ्यांना चार पोती अंथरलेली, त्यांना शिवत शिवत परत निघालो तिथंच. तीनदा चेंडू हुकला की बसा खाली. मी म्हटलं, मास्तर, निघालो तिथंच परत यायचं तर पोर घरातून काढायचंच कशाला?

पण काढायचं होतं हो... गेल्या साली विषमज्वरातून उठलाय तो. नाव प्रभंजन, आणि फुंकर मारली तर कलंडेल! तेव्हापासून शाळा सोडली तर मी त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. ऊन लागेल, वारा लागेल, दुर्गदबैलाच्या बाजारात हातगाडीखाली येईल... आणि एक दिवस बघते तर काय, पोर खिडकीचे गज धरून बसलंय, आणि गल्लीतली पोरं दारावरून जातायत. शेजारच्या मारुतीला हाक, पलीकडच्या शंकरला हाक, आमचं दार म्हणजे जशी काही नुसती भिंत! माझं काळीज असं झालं... पदर सावरून मीच गेले मास्तरांकडे. म्हटलं, घ्या ह्याला तुमच्या खेळात, ह्याला कुणीतरी हाक मारू दे. मास्तर म्हणाले, “घेतो की, अक्का. धारवाडची पोरं यायचीत सामन्याला. त्या दिवशी एक फटका मारून पहिलं पोतं गाठलं, तर आमच्या नऊ जणांत कायमचा. पण घरी सराव तुम्ही घ्यायचा.” मी! अहो, सातवी पास मी, व्हर्नाक्युलर फायनल! भूगोलात अमेरिका होती, बेसबॉल नव्हता! आता ह्यात आईनं काय करायचं, सांगा!

मास्तरांनी अंगणात येऊन दाखवलं. “पाय खांद्याएवढे फाकून. दांडकं खांद्यामागं. नजर चेंडूवर. चेंडू सुटला की पुढचं पाऊल चेंडूकडे, मग मागची टाच वळवायची, कंबर वळवायची, आणि सगळ्यात शेवटी हात! जोर दंडात नसतो अक्का, कंबरेत असतो.” मी म्हटलं, अय्या, हे तर जातं ओढणं! सोपंच की! ...असं वाटलं हो, तेव्हा.

ह्यांच्या कापडदुकानातल्या चिंध्यांचा चेंडू शिवला, धोंडिबा सुताराकडनं दांडकं करून घेतलं, आणि टाकला चेंडू. तर ह्याचं पाऊल चेंडूकडे नाहीच, स्वयंपाकघराकडे! दर वेळी! चेंडू इकडं, पाऊल चुलीकडं, कंबर ढिम्म, आणि हात एकटेच वर, जळमटं काढल्यासारखे! मी ओरडतेय, “पुढं टाक पाऊल, पुढं!” आणि त्याच दमात, “जपून रे बाळा, लागेल!” चेंडू चिंध्यांचा, मला का ठाऊक नाही? पण तोंडातून जातंच ना? भिंतीपलीकडून हिराबाईनं मान काढली. “अक्का, चेंडू टाकताय का नैवेद्य दाखवताय? जोरात टाका की!” जोरात टाकला, तर पोर दांडक्यासकट खालीच बसलं! आता ह्यात आईनं काय करायचं, सांगा!

शेवटी पदर खोचला आणि मीच घेतलं दांडकं. हिराबाईला म्हटलं, ये इकडं, टाक तूच. पाऊल पुढं, टाच, कंबर, हात... अगं बाई गं! चेंडू भिंतीवरून थेट हिराबाईच्या वाळवणात! सांडग्यांचा चुरा! ती कपाळाला हात लावून उभी, प्रभंजन टाळ्या पिटतोय, “आई, तूच जा की सामन्याला!” आणि हे नेमके तेव्हाच दुकानातून आले. दारात उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली, म्हणाले, “चहा लगेच मिळेल, का आधी पोत्यांना शिवून येऊ?”

तर शनिवारी सामना. धारवाडचा चेंडू फेकणारा म्हणजे... पोरगा कसला, मिसरूड फुटलेलं त्याला! आमच्याची पाळी आली. पहिला चेंडू, पाऊल मागं, हुकला. दुसरा, जळमटं, हुकला. मास्तर ओरडतायत, “कंबर!” मी ओरडतेय, “जपून!” तिसऱ्याला मी डोळेच मिटून घेतले... आणि खाडकन् आवाज! उघडते तर चेंडू पार चिंचेपलीकडं! कंबर आधी, हात मागून, सगळं झालं असणार हो, मला दिसलं नाही ते सोडा! आमची पोरं नाचतायत, “ओडो, ओडो! पळ की लेका!” मास्तर दोन्ही हातांनी पोतं दाखवतायत. आणि प्रभंजन निघाला, निघाला की हो! पण पोत्याकडं नाही. चेंडू गेला तिकडं. वाकून. दांडकं जमिनीवर आडवं टेकवतो, उचलतो, पुढं टेकवतो... “वकट, लेंड, मूंड...” मोजतोय! विटीदांडूत टोला मोजतात तसा! खिडकीत बसून दुसऱ्यांचे टोले मोजलेलं पोर ते, जन्मात पहिल्यांदा स्वतःचा बसला, तो मोजल्याशिवाय सोडेल होय? तिकडं चेंडू परत आला, धारवाडवाल्यांनी पोत्यावर पाय ठेवून झेलला, हा आउट, आणि ह्याचं मोजणं चालूच! मास्तर दांडकं काढून घ्यायला धावले, तर त्यांनाच म्हणतो, “थांबा की मास्तर, आकडा विसरेन!” मास्तर मटकन् पोत्यावर बसले.

संध्याकाळी मास्तर घरी आले. चहा घेतला. “अक्का, फटका सोन्यासारखा होता. पण नऊ जणांत...” आणि बशीतच बघत राहिले. मी काय ते समजले.

आणि काल, तुम्हाला सांगते, दुपारी दोरीवर धुणं वाळत घालतेय, तर दारात हाक! “ए प्रभ्या, बारो! ये की लवकर!” मारुती, शंकर, अख्खी टोळी! माझ्या डोळ्यांना धारा. धावत आत गेले, दांडकं आणलं, त्याला कुंकू लावलं, म्हटलं, बाळा, पाऊल पुढं, कंबर आधी... तर हा म्हणतो, “दांडकं नको, आई. ते मारणार, मी मोजणार. दांडक्यानं फार वेळ लागतो. तुझी दोरी दे.”

दिली सोडून. गेला उड्या मारत. आणि मी अंगणात, दोन ओली लुगडी आणि ह्यांचं धोतर खांद्यावर घेऊन उभी... आता ह्यात आईनं काय करायचं, सांगा!