कन्हानच्या पाण्यात घसरलेला सुवार्तिक

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य भाऊरावजी, व्यासपीठावरचे आमच्या चर्चचे आदरणीय पाळकसाहेब, प्राध्यापकवृंद, मंडळीतील माता-भगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि केव्हाही उठून जाता यावं अशा बेताने अगदी दाराजवळ बसलेले रघुनाथराव, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

आत्ता मला निरोप देताना वक्त्यांनी माझं जे वर्णन केलं, ते ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, की हे कोणाबद्दल चाललं आहे? एकांनी मला 'तरुणांचा दीपस्तंभ' म्हटलं. पांढुर्ण्याला समुद्र नाही, त्यामुळे माझ्या भरवशावर एखादं जहाज बुडल्याची तक्रार येणार नाही, एवढाच मला त्यात दिलासा.

मी अहमदनगरचा. एक्याऐंशी साली विद्यार्थ्यांच्या एका ख्रिस्ती मंडळाने मला इथे पाठवलं. महाविद्यालयातल्या मुलामुलींना भेटायचं, येशूविषयी बोलायचं, बायबलचा अभ्यास घ्यायचा आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना शिष्य म्हणून घडवायचं, असं सुवार्तिकाचं काम होतं. त्या वयात वाटायचं, आपण नुसतं फलाटावर उतरलं की निम्मं काम होईल. फलाटावर हमालाने विचारलं, "संत्र्याचे व्यापारी काय जी?" नाही म्हटल्याबरोबर त्याने माझी वळकटी खाली ठेवून दिली.

मग मी पहिली सभा ठरवली. महिना मे. हाताने फलक रंगवले: 'जीवनाचे पाणी फुकट मिळेल. सर्वांनी यावे.' एक फलक महाविद्यालयाच्या फाटकावर लावला आणि उत्साहाच्या भरात एक बाजारातही. संध्याकाळी माझ्या खोलीपुढे विद्यार्थी आले मोजके, आणि बाया आल्या पंचवीस-तीस, डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन. सर्वांत पुढे शकुबाई.

"कुठी हाय पाणी?"

मी म्हणालो, "बाई, हे आत्मिक पाणी आहे."

"असू द्या ना बाप्पा. कोन्तंबी असलं त भरून द्या."

मी बायबलातल्या योहानाच्या चौथ्या अध्यायाकडे, येशू आणि विहिरीवरची बाई या गोष्टीकडे वळणार, तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "सर, भाषण नंतर द्या. आधी दोर धरा." घरमालकाच्या विहिरीवर आम्ही अंधार पडेस्तोवर पाणी ओढलं. माझ्या तळहाताला फोड आले. प्रवचन राहूनच गेलं. पण ती सगळी पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता ती माझ्यासाठी आली की फोड पाहायला, हे मी आजवर विचारलेलं नाही.

'दोर धरा' म्हणणारा तो पोरगा म्हणजे आजच्या कार्यक्रमाची धावपळ करणारे आपले मोतीराम गुरुजी. कन्हानकाठच्या रामाकोना गावचे. आईवडील शेतमजूर, घर बौद्ध. दर अभ्यासाला पहिला हजर आणि दर वाक्याला पहिली हरकत. एकदा म्हणाला, "सर, माझ्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. समजून-उमजून घेतली. मले येशूच्या गोष्टी आवडतात, पन मी आहो तिथंच राहीन. चालते काय?" मी तोंडाने 'चालतं' म्हणालो आणि मनात त्याला वर्षभराची मुदत दिली. ती मुदत केव्हाच संपली. मोतीराम अजून तिथेच आहे, आणि त्याच्याइतकं मन लावून माझ्या गटात बायबल कोणीच वाचलं नाही.

याच गटात अनिल होता. रघुनाथरावांचा मुलगा. संत्र्याची बाग, एकुलता पोरगा. कोपऱ्यात बसून ऐकायचा. दोन वर्षांत त्याने प्रश्न विचारला नाही, म्हणून मी समजत होतो की त्याला झोप येत असेल. एक दिवस सगळे गेल्यावर तो थांबला. "सर, मले येशूच्या मागं जायचं हाय. बाप्तिस्मा घ्यायचा हाय. पन घरी सांगू नका. बाबूजी घराबाहीर काढतील."

मित्रहो, मी काय विचारायला हवं होतं? आणि मी काय विचारलं? "रविवार चालेल का?"

रामाकोन्याला कन्हान नदीवर, पहाटे, गुपचूप, असं ठरलं. मोतीरामला कळलं, तेव्हा तो माझ्या खोलीवर आला आणि उभ्या-उभ्याच बोलला. "सर, माझ्या बापानं धर्म बदलवला त साऱ्या गावासमोर बदलवला. हे पोट्टं लपून कायले करून राहिलं? चांगली गोष्ट असंन त बापासमोर सांगा. नाही त करू नका."

मी त्याला तासभर उत्तर दिलं. तो गेल्यावर मलाच ते पटेना.

दुसऱ्या दिवशी अनिलला घेऊन बागेकडे निघालो. वाटभर मी एकच प्रार्थना करत होतो, की रघुनाथराव बागेत नसोत. ती ऐकली गेली नाही. ते संत्र्याच्या झाडांना आळी करत होते. हातात फावडं होतं. अनिलने सगळं सांगितलं. मी त्याच्या मागे उभा राहून अधूनमधून मान हलवली. एवढाच काय तो माझा प्रचार.

रघुनाथरावांनी फावडं खाली ठेवलं. "यानं तुले काही देतो म्हटलं काय? नौकरी? पैसा?"

"नाही बाबूजी."

"मंग आमच्या घरी काय कमी होतं?"

अनिल रडायला लागला. "काहीच कमी नव्हतं," म्हणाला.

मग रघुनाथराव म्हणाले, "एक साल थांब. बी.ए. हो. तवाबी हेच म्हनशीन, त मी नदीपाशी येईन. पन पाह्यनार नाही. आन् त्या पान्यात पाय बी घालनार नाही." मग माझ्याकडे वळले. "अन् तुम्ही. लपून केलं असतं ना, त तुमचे तंगडे जाग्यावर राह्यले नसते."

अनिल वर्षभर थांबला. सागर विद्यापीठाची परीक्षा पास झाला, आणि तेच म्हणाला.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही कन्हानवर गेलो. रघुनाथराव आले. काठावरच्या एका दगडावर नदीकडे पाठ करून बसले. पाळकसाहेब पाण्यात उतरले, अनिल उतरला, आणि मदतनीस म्हणून मी. पाळकसाहेबांनी त्याला पाण्याखाली नेऊन वर काढलं. त्या पवित्र क्षणी माझा पाय शेवाळावर गेला आणि मी जो घसरलो, तो खोल डोहात. मला पोहता येत नाही. काठावर ओरडा झाला, "बुडला रे, बुडला!"

कोण बुडला, हे कोणी सांगितलं नव्हतं. रघुनाथराव धोतरासकट धावत पाण्यात आले, "अनिल, अनिल" करत. हाताला जे डोकं लागलं ते केसाला धरून वर ओढलं. पाहतात तर मी! त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी निराशा दिसली, ती मी जन्मात विसरणार नाही.

अनिल दोन हातांवर उभा होता, निथळत, थंडीने कापत. बाप छातीभर पाण्यात त्याच्याकडे बघत राहिला. मग पोराला घेऊन रघुनाथराव काठावर आले, खांद्यावरचा दुपट्टा काढला. तोही भिजलेला. तो पिळला आणि पोराचं डोकं पुसायला लागले. "चाल घरी. माय वाट पाहून राह्यली." आणि मला, "तुम्हीबी चाला. वल्ल्या कपड्यानं मरान एखांद्या जागी."

त्या दुपारी त्यांच्या घरी गेलो. अनिलच्या आई, अंबाबाई, कोणाशीही बोलल्या नाहीत, माझ्याकडे तर पाहिलंही नाही. पण अनिलचं ताट त्यांनी रोजच्याच जागी वाढलं होतं, बापाच्या ताटाशेजारी. पोरगा पाटावर बसला, तेव्हा त्याची भीती जाताना मी पाहिली. अनिल आज बैतूलला शिक्षक आहे, दर दिवाळीला घरी येतो आणि आईच्या हातचं खाऊनच परततो. रघुनाथरावांनी माझं म्हणणं आजही मान्य केलेलं नाही. तरी ते आज इथे आले आहेत, आणि अजून उठून गेलेले नाहीत.

माझ्या जागी उद्यापासून जयश्रीताई येत आहेत. त्या माझ्यापेक्षा कमी बोलतात, हे मंडळीचं भाग्य. अध्यक्षांनी वेळ दिला, पाळकसाहेबांनी मला सहन केलं, मोतीराम गुरुजींनी वेळोवेळी टोकलं, अंबाबाईंनी जेवू घातलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. ज्यांच्या दारी मी वेळी-अवेळी गेलो, ज्यांना न विचारता उपदेश केला, त्यांनी तो परका मुलूख न समजलेल्या एका पोराचा अगोचरपणा म्हणून पोटात घालावा. बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

सर्वांना नमस्कार, जयभीम आणि आम्हां ख्रिस्ती लोकांचा सलाम.