पाय टेकत नाहीत, हो!

…नाही, नाही, गाडीत खोट काही नाही! आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, जुनी घेतलीस ना, मग भोग. इंजिन असं चालतं की बाजूला उभं राहून हळू बोललेलंही ऐकू येतं, पुढे वारा अडवायला काच, मागे सामानाची पेटी, टाकी एवढी की एकदा भरली की पेट्रोलपंप कुठे आहे ते विसरून जावं… लांबच्या प्रवासाची मोटारसायकल आहे, साधीसुधी नाही! सगळं झकास आहे. पण पाय टेकत नाहीत, हो!

आता तुम्ही विचाराल, घेताना बसून बघितली नव्हतीस का? बघितली ना! तुम्हाला सांगतो, तिथेच तर फसलो, आणि कुणी फसवलं नाही, माझा मीच फसलो. गाडी ज्यांची होती ते एक निवृत्त सर्व्हेअर. आमच्या घरात त्यांना खांबकाका म्हणतात, कारण ते दारात उभे राहिले की दाराला आणखी एक खांब लावलाय असं वाटतं. त्यांनी या गाडीवर अख्खा देश पालथा घातलाय. तर गाडी उभी कुठे होती? त्यांच्या अंगणातल्या पायरीला लागून. म्हणाले, "बस रे, बिनधास्त बस." मी बसलो. एक पाय पायरीवर. आहाहा! काकांना म्हटलं, आता निघालो की समुद्रच! "उंच नाही ना वाटत?" काका म्हणाले. मी म्हटलं, "छे छे, मस्त!" पायरी काढून घेतली तर काय, हा विचार यायला नको? पण माझं असं आहे, मला कुणी समोरासमोर काही विचारलं की तोंडातून "मस्त"च येतं. आठवीत मास्तरांनी विचारलं होतं, "समजतंय ना रे?" मी म्हटलं, "मस्त!" त्या वर्षी शाळाच सुटली.

"आठ दिवस चालवून बघ," काका म्हणाले. "नाही जमली तर आणून दे, मनाला लावून घेऊ नकोस."

पहिल्याच सिग्नलला मनाला लागलं. लाल दिवा. मी थांबलो. पाय खाली सोडला… सोडला… अजून सोडला… रस्ता येईचना! आणि मग गाडी पडली. धाडकन नाही हं, सावकाश. गाय बसते ना, आधी विचार करते, मग बसते, तशी. मागून एक जण म्हणाला, "लागलं का?" मी गाडीखालून म्हटलं, "मस्त!"

घरी सांगायचं कुणाला? आई म्हणेल, "तरी मी सांगत होते." मग मी डोकं चालवलं. फुटपाथ! फुटपाथाला खेटून थांबायचं, एक पाय वर ठेवायचा. तुम्हाला खोटं वाटेल, दोन दिवसांत अख्ख्या गावाचे फुटपाथ मला पाठ झाले. कुठे उंच, कुठे फुटलेला, कुठे फळवाल्याची गाडी आडवी… आणि जिथे फुटपाथच नाही तिथे? तिथे एकदा शेजारच्या टेम्पोला हात टेकवून उभा राहिलो. छान उभा होतो. मग दिवा हिरवा झाला आणि टेम्पो गेला…

मग म्हटलं, आपण काम काय करतो? मामाच्या दुकानात बूट-चपला दुरुस्त करतो. लोकांचे झिजलेले तळ आपण बदलतो आणि स्वतःच्या पायाला दोन इंच कमी पडतात म्हणून रडतो? घेतले बूट, लावला तळावर तळ, त्याखाली आणखी एक. मामा चष्म्यावरून बघतोय. "हे काय रे?" "गिऱ्हाइकाचे आहेत." "गिऱ्हाईक काय विहिरीत उतरणार आहे?" मामानं बूट उलटा करून बघितला. "आणि नंबर सहा. तुझाच आहे ना सहा?" मी म्हटलं, "सहा नंबरची माणसं खूप असतात, मामा!"

घातले, बसलो, आणि टेकले हो पाय! टोकं का होईना, टेकली! निघालो ऐटीत, पहिला गिअर टाकला, आता दुसरा टाकावा… तर एवढा जाड बूट गिअरखाली शिरेचना! पहिल्या गिअरवर चौकात आलो, तो पुढे सगळे दिवे लाल. बुटाचा असा भरवसा वाटेना, म्हणून चौकातल्या बेटाभोवतीच फिरत राहिलो. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच… ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी तोंडातून काढून म्हणतो, "ए, हरवलास का?" पुढच्या फेरीला मी उत्तर दिलं, "नाही, फिरायला आलोय!" खोटं नाही बोललो. पण कशासाठी एवढं? एवढ्याशा गोष्टीसाठी. पाय टेकत नाहीत, हो!

इथपर्यंत ठीक होतं, पडलो तर माझा मी पडत होतो. पण सातव्या दिवशी आमच्या ताईची मुलाखत.

ताई म्हणजे, कसं सांगू, आमच्या घरातली उंची देवानं मोजून आणली आणि सगळी तिलाच वाटून टाकली. सहा फुटाला दोन बोटं कमी. लहानपणापासून सगळ्यांचं एकच, "जरा वाकून चाल, बाई." दारातून वाकून यायची तिला इतकी सवय झालीय की मोकळ्या मैदानातही वाकते. तीन ठिकाणी नोकरीला नाही म्हणाले. एकानं तर तोंडावर सांगितलं, "गिऱ्हाइकं दचकतील." आणि चौथ्या ठिकाणी, चाळीस किलोमीटरवर एक मोठं गोदाम आहे, तिथून बोलावणं आलं. सकाळी दहाला. उशीर झाला तर आत घेत नाहीत.

साडेआठ झाले, बसचा पत्ता नाही. ताई माझ्याकडे वळली. "छोट्या, काढ तुझी गाडी."

आता आली का पंचाईत! म्हणजे बघा, मी पडणार, ताई पडणार, इस्त्रीचे कपडे चिखलात, नोकरी गेली, आणि जन्मभर वाकून चालायला आणखी एक कारण… तोंड उघडलं, सांगणार होतो. "येईल ना चालवता दोघांची?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मस्त!"

दारातल्या पायरीवरून निघालो. गावातले सगळे सिग्नल फुटपाथ धरून पार केले. ताई मागे अंग चोरून बसलेली, आरशात तिचा अर्धा चेहरा. पुढे मोकळा रस्ता, गाडी काय पळते म्हणता! मी सगळं विसरलो. आणि वळण संपलं तर समोर… रेल्वेचं फाटक. बंद! फुटपाथ नाही, कठडा नाही, इकडे ट्रक, तिकडे ट्रक. मी ब्रेक दाबला आणि डोळे मिटले. गाडी कलायला लागली… कलली… आणि थांबली.

पडलीच नाही.

एक डोळा उघडून खाली बघितलं. दोन पाय रस्त्यावर घट्ट रोवलेले. माझे नाहीत! ताईचे! आणि ती मागे आरामात कागद वाचतेय.

"छोट्या, तुझे पाय कुठे आहेत रे?"

"वरती."

"का?"

आता मात्र "मस्त" म्हणता येईना. सात दिवस गिळलेलं बाहेर आलं. "ताई, माझे पाय टेकत नाहीत गं!"

ती इतकी हसली, इतकी हसली की गाडी हलायला लागली. हलली, पण पडली नाही हं! डोळे पुसत म्हणाली, "अरे वेड्या, माझे टेकतात की!" तुम्हाला सांगतो, छातीवरून कुणी धोंडा उचलावा तसं झालं. फाटक उघडलं. पुढे प्रत्येक थांब्याला मी ब्रेक दाबायचा, तिनं पाय सोडायचे, बोलायचंही काम नाही. आणि आरशात बघतो तर ताईचा चेहराच दिसेना. हनुवटी, मग नुसता गळा… ताठ बसली होती हो! पहिल्यांदाच!

दहाला पाच कमी असताना गाडी स्टँडला लावून ती आत गेली. मी निघायला वळलो आणि लक्षात आलं… गोदामासमोर फुटपाथच नाही! वॉचमन आला. "काय काम आहे?" मी म्हटलं, "माझे पाय आत गेलेत." तो बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला. आणि मी त्याच्या. त्याच्या बुटाचा तळ पुढून आ वासून होता. आरी-दोरा माझ्या पेटीत असतोच. त्याचा शिवला, मग त्याच्या जोडीदाराचा, मग ट्रकवाल्यांचे… दुपारी दोनला ताई आली, सहा जोड झाले होते.

"झालं?"

"झालं. वरच्या फळीवरचं खोकं काढायला सांगितलं. साहेब म्हणाले, स्टूल देऊ का? म्हटलं, कशाला?"

आता मामानंच सांगितलंय, "रोज तिथेच बस, काम भरपूर आहे." म्हणून मी रोज सकाळी ताईला घेऊन चाळीस किलोमीटर जातो, भिंतीच्या सावलीत पाचपर्यंत बूट शिवतो, आणि तिच्याबरोबर परत येतो. गल्लीतली माणसं आईला म्हणतात, "किती गुणाचा मुलगा, बहिणीला सोडायला जातो!" आता त्यांना काय सांगू, मी तिला सोडायला जात नाही, ती मला टेकवायला येते!

आठव्या दिवशी खांबकाकांचा फोन आला होता. "काय रे, परत करतोस की ठेवतोस?" म्हटलं, "ठेवतो." "शाब्बास! मग, समुद्र बघून आलास की नाही?" आता यांना काय सांगू? मी तयारच आहे हो! टाकी भरलेली आहे, पेटी बांधलेली आहे. दर रविवारी सकाळी पायरीशी गाडी लावून ताईला हाक मारतो. आणि ती पलंगावर आडवी, उशीवर तंगड्या टाकून, आतूनच ओरडते, "छोट्या, आठवडाभर उभी आहे रे! आज माझे पाय जमिनीला टेकणार नाहीत म्हणजे नाहीत!"