पाठीचं माप

...दिसायचंच नाही हो काही! अकरा वर्षं! लोक मला विचारतात, तुम्ही इतकी वर्षं न चुकता फुटबॉलच्या मैदानावर जाता, मग त्या फायनलचा तो गोल पाहिला असेल की! कसा पाहणार? मी पाठ पाहत होतो ना! तुम्हाला सांगतो, माझी खुर्ची पहिल्या रांगेत, बरोब्बर मधोमध, तिकीट हातात पडलं तेव्हा सगळे म्हणाले काय नशीब काढलंस, आणि जाऊन बसतो तर समोर, कठड्यापलीकडे, चार हातांवर, आमच्या क्लबचे मॅनेजर उभे! उभे म्हणजे उभे! त्यांच्यासाठी गादीचं बाकडं होतं, वर छप्पर होतं, पाण्याच्या बाटल्या रांगेत मांडल्या होत्या, पण हा गृहस्थ नव्वद मिनिटांत एकदा टेकेल तर शपथ! सहा फूट उंची, खांदे हे एवढे. आम्ही सगळे त्यांना खांबसाहेब म्हणायचो.

मग काय करणार? ओरडलो! "अहो, बसा खाली!" वळले? छे! पुन्हा ओरडलो. "अहो, बसा खाली!" कानावरची माशीसुद्धा हलली नाही. आणि शेजारी कोण, तर आमचा मेहुणा. त्याची खुर्ची माझ्या डावीकडे, दीड फुटावर, आणि तेवढ्या दीड फुटात त्याला सगळं मैदान दिसतं! तो नाचतोय, "दाजी, गोल! गोल!" मी विचारतोय, "कुणाचा?" "आपला!" "मारला कुणी?" "नऊ नंबरनं! काय मारला, दाजी, काय मारला!" अरे, काय मारला म्हणजे काय मारला? डावीकडून? उजवीकडून? डोक्यानं? "घरी टीव्हीवर बघा," म्हणतो! आता टीव्हीवरच बघायचं तर मी थंडीत इथं कशाला मरायला आलो?

खुर्ची बदलून घ्यायची ना, असं तुम्ही म्हणाल. घेणार होतो! अर्ज केला होता. आणि दोन वर्षांनी, क्लबच्या कामाचा वेग बघा, दोन वर्षांनी उत्तर आलं की दुसरी खुर्ची मिळेल. तोवर मात्र पंचाईत झाली होती. तुम्हाला सांगतो, मी शिंपी आहे. कुणाची पाठ समोर आली की माझ्या डोळ्यांत आपोआप टेप फिरते, आणि ही पाठ तर दर आठवड्याला दीड-दीड तास! ती पाठ मला पाठ झाली हो! डावा खांदा वर गेला की समजायचं, आपला बचाव फाटला. हात मागे बांधले आणि अंगठा अंगठ्याभोवती फिरायला लागला की कुणाला तरी बाहेर काढणार. आणि गोल झाला, आपला, तर बाकी सगळं मैदान डोक्यावर घ्यायचं, पण ती पाठ काय करायची? काही नाही! फक्त मान इतकीशी खाली जायची, जणू मनातल्या मनात कुणाला तरी नमस्कार. मेहुणा "गोल" म्हणायच्या आधी मला कळायचं! मी त्यालाच सांगायला लागलो, "आता बघ, सात नंबर बाहेर." निघाला बाहेर! तो म्हणतो, "दाजी, तुम्हाला दिसलं कसं?" म्हटलं, "तू मैदान बघ रे, मी सामना बघतोय."

खुर्ची बदलायला नकार कळवला. ओरडणं मात्र चालू! सवयच लागली. सामना सुरू झाला की एकदा, मध्यंतरानंतर एकदा. "अहो, बसा खाली!" बायको नवऱ्याला जाता जाता सांगते ना, जपून जा म्हणून, तसं.

आणि माणूस कसा होता सांगतो. एकदा आमच्या गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून चेंडू गेला. सरळ! माझ्या आजीनंसुद्धा अडवला असता. सामना संपला, तो बिचारा मान खाली घालून येतोय, आमच्यातले काही लोक त्याच्या सगळ्या खानदानाची चौकशी करतायत, आणि खांबसाहेबांनी काय केलं? अंगातला कोट काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला! कडाक्याची थंडी, हे स्वतः नुसत्या शर्टावर, आणि त्याला काखेत धरून असे चालले आत, की ओरडणाऱ्यांच्या आणि त्याच्या मध्ये यांची पाठ आली. चूप! सगळे चूप! मीसुद्धा बघतच राहिलो.

पण तो कोट गेला ना! परत मागितलाच नसणार, तसा स्वभावच नाही. मग त्यानंतर क्लबचं ते तयार जाकीट अंगात. अहो, त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे, हे काय तयार कपडा शिवणाऱ्या मशीनला माहीत असतं? मागे आडवी चुणी! हीऽऽ एवढी! पाच वर्षं मी ती चुणी बघितली. आपला संघ हरला तरी मी जेवायचो, पण ती चुणी आठवली की घास उतरायचा नाही.

आणि मग ते शेवटचं वर्ष. लागोपाठ सहा सामने हरलो. लोकांनी धोशा लावला, "चालते व्हा! चालते व्हा!" सगळं मैदान एका सुरात! आणि मी, हा शहाणा, नेहमीसारखा मध्यंतरानंतर ओरडलो, "अहो, बसा खाली!" दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी, खांबसाहेबांना काढलं. ना निरोप, ना काही. तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण माझ्या डोक्यात एकच आलं... त्या आरड्याओरड्यात माझाही आवाज होता. सगळ्यांत जवळचा! त्यांनी तो त्यातलाच एक धरला असेल तर? अकरा वर्षं मागून एक माणूस आपल्याला बसवायला टपलाय, असंच वाटलं असेल तर?

नवे मॅनेजर आले. हे बसतात! पहिल्या मिनिटाला बसतात ते शिट्टी वाजेपर्यंत. आता मला सगळं मैदान दिसतं. आणि काय दिसतं? दिसत नव्हतं तेच बरं होतं हो!

तर गेल्या महिन्यात क्लबनं जाहीर केलं, जुन्या मॅनेजरांचा सत्कार, रविवारी, सामन्याआधी. मी ठरवलं, कोट शिवायचा. माप? माप कशाला? अकरा वर्षं घेतलंय की! आमची ही म्हणाली, "अहो, माप न घेता कोट? वेड लागलंय का?" म्हटलं, शिवणार. "क्लबमध्ये विचारून तरी या." गेलो. तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणतो, "खाजगी माहिती देता येत नाही." अरे, कुणाच्या पाठीची रुंदी कधीपासून खाजगी झाली? "भेटवस्तू असेल तर काउंटरवर ठेवा, आम्ही पोचवू." दोन वर्षांनी? म्हटलं, मी शिवणार आणि माझ्या हातानं देणार! चार दिवस दुकान बंद. ही रोज विचारायची, "अंदाज चुकला तर?" मी म्हणायचो, "माझा? त्या पाठीचा? अशक्य!"

रविवार. खांबसाहेब मैदानात आले, मधोमध उभे राहिले, हारतुरे झाले, टाळ्या झाल्या. मी कोटाची पिशवी घेऊन कठड्यावर चढलो. "साहेब! अहो साहेब!" हजार लोक साहेब साहेब करतायत, कोण वळणार? त्यात तो सुरक्षारक्षक धावत आला आणि काय म्हणतो? मला म्हणतो! "ओ काका, बसा खाली!" मी? मी बसू? डोकंच सटकलं, आणि एका हातानं कठडा धरून, होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "अहो! बसा खाली!"

वळले!

अकरा वर्षांत पहिल्यांदा वळले हो! आणि चालत आले, सरळ माझ्याकडे. मी नुसता कोट पुढे केला. घातला त्यांनी, तिथंच. आणि वळून लोकांना हात केला... काय सांगू! एक चुणी नाही! खांदा बरोबर, कॉलर बरोबर, अर्ध्या इंचाचा उतार बरोबर! मी रडलो. मेहुणा मात्र कठड्याच्या कडेनं पुढे सरकला होता, त्याला पुढून दिसत होतं, तो हळूच म्हणाला, "दाजी... बटण लागत नाहीये."

पोट! अहो, मला काय माहीत त्यांना पोट आहे म्हणून! पेपरातल्या फोटोत नुसतं तोंड असतं!

मंगळवारी सकाळी दुकानाचं दार ढकलून खांबसाहेब स्वतः आत. कोटाच्या आतल्या पट्टीवर पत्ता होताच. म्हणाले, "बटण लागत नाही." मी म्हटलं, "हो." पुढे? पुढे काही नाही! आठ दिवस भाषण घोकलं होतं, आणि समोर तोंड! मला त्यांच्या तोंडाशी बोलायची सवयच नाही ना! शेवटी म्हटलं, "साहेब, जरा वळून उभे राहता का?"

वळले. आणि सुटलो मी! म्हटलं, साहेब, त्या दिवशी ते जा जा म्हणत होते ना, त्यात मी नव्हतो. मी बसा म्हणत होतो. बसा म्हणजे बसा, दमला असाल म्हणून बसा, जा म्हणून नव्हे! तुमच्यापायी मी एक गोल बघितला नाही आणि मला एकाचंही वाईट वाटत नाही. तुम्ही गेल्यापासून मात्र, साहेब, समोर कुणी नाही... दहा मिनिटं बोललो. टेप हातात, नाक पुसायचं ते टेपनंच. ते हलले नाहीत. गिऱ्हाइकं दारातून डोकावून गेली.

मग तसेच पाठमोरे म्हणाले, "झालं?"

म्हटलं, "झालं."

"मागचं सगळं बरोबर आहे," म्हणाले. "आता पुढचं बघा."

बघितलं. टेप फिरवली. साडेचार इंच कमी! साडेचार! आत तेवढं कापड दाबून ठेवलेलंच नाही मी, कोण ठेवतं? आता काय, पुढचे दोन्ही भाग नव्यानं घालायचे... उसवतोय!