शहाण्णव, हिरवा दिवा

मी, शिवणकाम कारखान्याच्या गेटवरील तपासणी कर्मचारी, वय ४१ वर्षे, राहणार कारखान्यामागील खोल्या, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, मयत ही माझी सख्खी धाकटी बहीण. ती याच कारखान्यात कॉलरच्या मशीनवर होती. आम्ही दोघी एकाच खोलीत राहत होतो.

कामगारांच्या कपाळासमोर ताप मोजायचे यंत्र धरायचे, लाल दिवा लागला तर घरी पाठवायचे, हिरवा लागला तर वहीत 'फिट' लिहून सही करायची, हे माझे काम. ताप नसेल तर आजारपणाची रजा नाही, अशी पाटी सुपरवायझरनी गेल्या महिन्यात लावली.

सोमवारी बहिणीला एकशे तीन ताप होता. अंग मोडून आले होते, डोळ्यांमागे ठणकत होते. लाल दिवा लागला म्हणून मीच तिला परत पाठवले. मंगळवारी डॉक्टरांनी रक्त तपासून डेंग्यू सांगितला. तापाला फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, रोज रक्ततपासणी; पोट दुखले, उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आले तर तडक दवाखाना, असे बजावले. गुरुवारी संध्याकाळी ताप उतरला. माझ्या जिवात जीव आला. त्या दिवशीची रक्ततपासणी आम्ही केली नाही.

शुक्रवारी सकाळी तिला दोनदा उलटी झाली. म्हणाली, "ताई, पोटात फार दुखतंय गं. आज राहू दे ना."

मी म्हणाले, "ताप कुठंय तुला? लाल दिवा लागला तर मीच परत पाठवते, मग तर झालं?"

साडेआठ वाजता यंत्राने शहाण्णव दाखवले. हिरवा दिवा लागला. तिचा हात माझ्या हाताला लागला, तो गार आणि ओला होता. मागे साठेक बायकांची रांग होती. मी 'फिट' लिहिले.

सव्वाअकराला ती मशीनवर कोसळली. सुपरवायझर म्हणाले, "नाटकं आहेत. सकाळी तर फिट होती." गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. दवाखान्यात तिची नाडी लागेना. दोन्ही हातांना सलाइन लावले, तरी रक्तदाब वर आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताप उतरतो तेव्हाच यात खरा धोका असतो. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, अंग गार पडतं. सकाळीच आणायला हवं होतं." चार वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

कारखान्याने आता कानांवर हात ठेवले आहेत. तिने आजार लपवला, असे लेखी दिले आहे. हे धादांत खोटे आहे. तिने मला सगळे सांगितले होते. त्या पाटीचा मला संताप येतो, आणि माझा स्वतःचाही. 'दबावाखाली सही केली' असे लिहू का, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. मी नको म्हटले. माझा हात कोणी धरला नव्हता.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितले तसाच आहे. जप्त केलेले यंत्र तपासले, त्यात बिघाड नाही, असे साहेब म्हणाले. तेही बरोबर आहे. खाली सही करते. वहीतली सही आणि ही सही एकाच हाताची आहे, ताडून पाहावी.