मीटरच्या चेंबरचा कोयंडा मुरगळल्याबाबत

जबाब देणार: पंपचालक (स्त्री), वय एक्केचाळीस, धंदा नोकरी, नेमणूक सरकारी रुग्णालय, राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, तळमजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी माझ्या धाकट्या भावासह राहते. माझे खरे नाव हवालदार साहेबांनी वेगळे लिहून घेतले आहे, पण त्या नावाने हाक मारल्यास मी वळूनही बघणार नाही. रुग्णालयात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला टाकीताई म्हणतात. गच्चीवरची पाण्याची टाकी भरलेली ठेवणे, पंप चालू-बंद करणे, गळती दिसल्यास बुजवणे हे माझे काम आहे.

माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. त्याला दर तिसऱ्या दिवशी आमच्याच रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्या यंत्राला सतत पाणी लागते. पाण्याचा दाब उतरला की यंत्र ओरडते, मग थांबते, आणि अंगाबाहेर असलेले रक्त घाईने परत द्यावे लागते. पावसाळ्यापूर्वी एकदा वीज जाऊन असे अर्ध्यात सुटले होते. त्या वेळी त्याला आडवे होता येईना, श्वास लागत होता, म्हणून मी त्याला रात्रभर भिंतीला टेकवून बसवून धरले होते. पुन्हा तसे झाले तर तो निभावेल याची खात्री देता येत नाही, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते. हे त्याला माहीत नाही. हा जबाब त्याला वाचायला देऊ नये.

वादाबाबत विचारल्यावरून सांगते की, रुग्णालय आणि पाणी मंडळ ही दोन्ही सरकारी खाती असून त्यांचे पाण्याच्या बिलावरून वाजले आहे. आमच्या भागात पाणी ठरावीक वेळी सोडतात. पाण्याच्या आधी पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि मीटरची सुई फिरवते, त्यामुळे आम्हाला हवेचे बिल लागते, असे रुग्णालयाचे म्हणणे. हवेने सुई फिरत नाही, तुमच्याकडे नळ उघडे राहतात, असे मंडळाचे म्हणणे. दोन्हीकडून पत्रे जाऊन जाऊन शेवटी तडजोडीसाठी एक निवृत्त अधिकारी बाई नेमल्या. बाई शहाण्या आहेत. त्यांनी दोघांना एका टेबलाशी बसवले आणि साधा उपाय काढला: व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामा करायचा आणि परत उघडताना दोन्ही खात्यांच्या साहेबांनी शेजारी उभे राहून पाहायचे. पाण्याआधी सुई हलली तर रुग्णालय खरे, नाही हलली तर मंडळ खरे.

तोवर कोणी एकट्याने हात लावू नये म्हणून मीटर असलेल्या चेंबरच्या लोखंडी झाकणाला एकाच कोयंड्यात दोन कुलपे घातली. एक मंडळाचे, एक रुग्णालयाचे, वर लाखेची मोहर. हे चेंबर रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर गल्लीत आहे. व्हॉल्व्हही त्याच चेंबरमध्ये आहे, ही गोष्ट तेव्हा कोणाला खटकली नाही. मलाही नाही.

काल सकाळी दहाच्या सुमारास दोन्ही साहेब आले. दोघांनी आपापली कुलपे उघडली. मी खाली उतरून व्हॉल्व्ह बंद केला, पाइप रिकामा करून दिला आणि वर आले. आता आकडा लिहायचा, दोघांनी सही करायची आणि उघडायचे, एवढेच उरले होते. तिथे घोडे अडले. आमच्या साहेबांनी आणलेल्या तक्त्यात एका रकान्यावर ‘हवा’ असे छापलेले होते.

मंडळाचे साहेब म्हणाले, “हा रकाना काढा. हवा आहे असं धरून चाललात तर तपासणी कशाची?”

आमचे साहेब म्हणाले, “रकाना रिकामा राहील ना मग. तुम्हाला रिकाम्या रकान्याची भीती वाटते?”

“भीती कसली? उद्या तुम्ही तोच कागद वर दाखवाल. म्हणाल, यांनी हवेवर सही केली.”

यानंतर दोघे हमरीतुमरीवर आले. मी मध्ये पडून म्हणाले, “साहेब, रकान्याला काहीही नाव द्या, माझंच द्या हवं तर, पण व्हॉल्व्ह उघडू द्या.” दोघांनीही माझ्याकडे पाहिले नाही. शेवटी आपापल्या कार्यालयातून लेखी आदेश आणतो असे सांगून दोघांनी झाकण बंद करवले, आपापले कुलूप घातले, नवी मोहर लावली, आणि अर्ध्या तासात येतो म्हणून दोन गाड्यांतून दोन दिशांना गेले. व्हॉल्व्ह बंदच होता. तपासणी अर्धी झालेली असल्याने तो तसाच राहणे नियमाला धरून आहे, यावर मात्र दोघांचे पटकन जमले.

टाकी भरलेली का नव्हती, असे विचारल्यावरून सांगते की, आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मला टाकी भरू नकोस असे सांगितले होते. तपासणीच्या तोंडावर जास्त पाणी घेतले तर मंडळाला बोलायला जागा मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना म्हणाले होते की उद्या यंत्राचा दिवस आहे. ते म्हणाले, “अर्ध्या तासाचं काम आहे, टाकीताई. तुझं आपलं काहीतरीच असतं.” मी ऐकले. इतकी वर्षे टाकी माझ्या ताब्यात आहे, कोणाला विचारून भरली नव्हती, आणि नेमके त्या दिवशी ऐकले. याचा मला राग आहे आणि तो साहेबांपेक्षा स्वतःवर जास्त आहे.

साडेअकराच्या सुमारास यंत्राच्या वॉर्डातील सिस्टर स्वतः जिना उतरून पंपघरात आल्या. त्या कधी खाली येत नाहीत. म्हणाल्या, “दाब उतरतोय. सगळ्या खाटा भरल्यात आणि सगळ्यांचं नुकतंच सुरू झालंय. किती वेळ आहे आपल्याकडे?” मी गच्चीवर जाऊन टाकीत पाहिले. तळ दिसत होता.

मी आमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले की मंडळाच्या माणसाशिवाय कुलपाला हात लावला तर उद्या सगळे आपल्यावर शेकेल. मंडळाच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले की तुमच्या साहेबांनी रकाना खोडला की मी निघालोच समजा. तडजोडवाल्या बाईंचा फोन बंद होता. त्या दुसऱ्या दोन खात्यांच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या भांडणात बसल्या होत्या, असे मला मागाहून कळले. टँकर मागितला. टँकर मंडळाचाच आहे. तिथल्या कारकुनाने विचारले की वाद चालू असताना पाणी कोणत्या खात्यावर टाकायचे ते आधी ठरवून सांगा. मी फोन ठेवला.

मग मी दुसऱ्या मजल्यावर गेले. भाऊ खिडकीजवळच्या खाटेवर होता. तो पूर्वी गाड्या दुरुस्त करायचा आणि त्याला गप्प बसणे माहीत नाही. त्याला दिवसाला मोजके पाणी पिण्याची परवानगी आहे, ते तो एका स्टीलच्या पेल्याने पितो. मला पाहून म्हणाला, “काय गं ताई, तुझ्या साहेबांना माझा पेला नेऊन दाखव. एवढं कडक मीटर गावात दुसरं नाही, आणि कधी तक्रार नाही.” मी म्हणाले, “गप पड. हात हलवू नकोस.” त्याने विचारले, “पाणी आहे ना?” मी म्हणाले आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजी माझ्याकडे बघत होत्या.

खाली येऊन मी पंपघरातील मोठा पाइप पाना घेतला आणि फाटकातून गल्लीत गेले. चेंबरजवळ सायकल दुरुस्त करणारा गृहस्थ नेहमीप्रमाणे बसला होता. तो म्हणाला, “टाकीताई, मोहर आहे त्याच्यावर. सरकारी आहे.” मी म्हणाले, “मीपण सरकारीच आहे.” मी पाना कोयंड्यात अडकवून जोर लावला, तो हलला नाही. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा लांब तुकडा चढवून पुन्हा जोर लावला आणि कोयंडा मुरगळून तुटला. नळीचा तुकडा कोठून आला, हे मला आठवत नाही. रस्त्यात पडलेला होता असे लिहावे. सायकलवाल्या गृहस्थाने त्या वेळी दुसरीकडे तोंड केले होते, त्यामुळे त्याला विचारून काही उपयोग होणार नाही.

दोन्ही कुलपे शाबूत आहेत व मोहरेला चीर गेलेली नाही, हे मुद्देमालात पाहून खात्री करावी. तुटला तो कोयंडा. तो कोणत्या खात्याचा, याबाबत दोन्ही साहेबांचे अद्याप एकमत झालेले नसून फिर्यादीत ती जागा कोरी आहे. फिर्याद मात्र दोघांनी मिळून दिली आहे. एका कागदाखाली त्या दोघांच्या सह्या मी आज प्रथमच पाहिल्या.

झाकण उघडून मी खाली उतरले आणि व्हॉल्व्हची चक्री पान्याने फिरवली. दाब आला की सिस्टरने खिडकीतून हात वर करायचा, असे आमचे ठरले होते. चक्री पूर्ण उघडली, पाण्याचा आवाज आला, मी खालूनच फाटकात उभ्या केलेल्या शिपायाला पंप लावायला ओरडून सांगितले. बराच वेळ खिडकीत कोणी आले नाही. मग सिस्टर आल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मी तिथेच चेंबरच्या पायरीवर बसले.

हवालदार साहेबांनी विचारले की रागाच्या भरात हे कृत्य घडले असे लिहू का, त्याने थोडे हलके होईल. तसे लिहू नये. कोयंडा तोडताना राग नव्हता, तो नंतर आला. मोहर कशासाठी असते हे मला माहीत होते, मनाई माहीत होती, आणि समजून उमजून तोडला.

पुढे विचारल्यावरून सांगते की, काल संध्याकाळी आमचे साहेब पंपघरात आले. स्टुलावर बसून गोड आवाजात म्हणाले, “टाकीताई, उघडताना चेंबरमध्ये तू एकटीच होतीस. पाण्याआधी सुई फिरली, हो ना? तेवढं सांग, फिर्याद मी मागे घेतो.” त्यानंतर वसाहतीच्या कोपऱ्यावर मंडळाच्या साहेबांनी गाडी थांबवली. तेही म्हणाले की सुई हलली नाही एवढे सांगितले तर ते फिर्यादीतून अंग काढून घेतील. दोघेही वाईट माणसे नाहीत. दोघांनीही वर वॉर्डात काय झाले हे मात्र विचारले नाही.

सुईचा प्रश्न आज हवालदार साहेबांनीही विचारला, म्हणून सांगते. मीटर माझ्या गुडघ्याजवळ होते. मान खाली घातली असती तरी दिसले असते. सुई फिरली की नाही, आधी की नंतर, हे मला सांगता येणार नाही. व्हॉल्व्ह उघडल्यापासून सिस्टरचे हात दिसेपर्यंत मी खिडकीकडे पाहत होते.

भावाचे यंत्र थोडा वेळ थांबले होते, पण रक्त परत द्यावे लागले नाही आणि पुढे पूर्ण झाले. आजींचेही झाले. रात्री तो सपाट आडवा होऊन झोपला. झोपण्यापूर्वी म्हणाला, “ताई, आजचं माझं पाणी चोरीचं निघालं म्हणे.” मी त्याला पांघरूण घातले.

आणखी एक सांगायचे आहे. आज सकाळी चेंबरला नवा, जाड कोयंडा बसवला आहे व त्यात तीच दोन कुलपे आहेत. तपासणी अर्धवट राहिल्याने ती परवा सकाळी पुन्हा ठेवल्याचे पत्र आले आहे. परवा भावाचा यंत्राचा दिवस आहे. टाकी मी आज आणि उद्या काठोकाठ भरणार आहे, कोणीही काहीही सांगो. तरी पोलिसांनी जप्त केलेला पाइप पाना रुग्णालयाचा असून तो मला परवा सकाळी दहाच्या आत परत मिळावा, अशी विनंती आहे. न मिळाल्यास माझ्या वडिलांचा जुना पाना घरी खाटेखाली आहे. तो यापेक्षा मोठा आहे. हेही लिहून घ्यावे.

हवालदार साहेबांनी शेवटची तीन वाक्ये गाळू का, असे विचारले. मी नको म्हणाले. जबाब मला ठाण्यात मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.