छपराखाली कोन हाय

...आन् वर बायकू मलाच म्हनती, तुजी अक्कल डुकराच्या शेपटाएवढी! म्हनलं, शेपटाचं नाव काढू नगंस, डुकरावरनंच समदं पेटलंय. न्हाई, तुमास्नी सांगतो, मी तापट हाय, कबूल. पर ह्या येळंला चूक माजी न्हवती, अक्षराची हुती. अक्षराची! ज्यानं शाळंत दोन हिवाळं काढलं, आन् तेबी शाळंत शेगडी हुती म्हनून, तो मी, ह्या वयात, अक्षरापायी बायकू घालवायला बसलो हुतो.

झालं काय, नव्या वर्साच्या सनाला बारा दिस ऱ्हायलेलं. वरनं पाऊस पडतोय आन् पडल्या पडल्या त्येचा बरफ हुतोय, बांबू वाकून वाकून जमिनीला डोस्की टेकवाय लागलं, आन् डुकरिनीच्या खोपीचं छप्पर बसलं की खाली धाडदिशी! दाह्वा, म्हंजी माजी डुकरीन, आज व्यायची का उद्या व्यायची अशी. अशा गाभनीला कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर? आनली घरात. मधल्या खोलीत, शेगडीजवळ, पेंढा घालून. फरशी नवी हुती, हे खरं हाय. बायकूनं सकाळीच पुसली हुती, हेबी खरं हाय. वर धुरात गेल्या सालाचं मांस टांगलेलं, म्हंजी दाह्वाची थोरली भनच ती. ही खालनं तिच्याकडं बघून असा सुस्कारा सोडती... मी आनकी पेंढा सारला तिच्याखाली.

पर बायकूला, यूलियेनला, दया? छ्या! दारात उभी ऱ्हायली, हात कमरंवर. "ए म्हाताऱ्या, एक तर ही ऱ्हाईल, न्हाईतर मी. नवं वरीस मी म्हायेरीच करीन."

आता ही म्हायेरी गेली की सनाला कोन येतंय माज्या घरी? ल्योक-सून लांबच्या कारखान्यातनं वर्सातनं एकदा येत्यात, ती काय माजं त्वांड बघाय येत्यात व्हय? तिच्या हातचं खायला येत्यात! आन् डुकरीन भाईर काढली तर पिल्लं जलमायच्या आधी गोठत्यात. सांगा, काय करावं मानसानं? कुना शहान्याला इचारावं म्हनून मी तडक बाजारात गेलो.

बाजारात ओउ मास्तर लाल कागदावर, दारावर चिटकवायची सनाची अक्षरं लिवत बसलेलं. शाळंतनं सुटलं, पर शिकवायची खोड सुटंना. माजं रडगानं ऐकलं आन् हसाय लागलं. मला आला राग, टेबल उलथनार, तेवढ्यात त्येंनी बुरूस उचलून एक अक्षर काढलं; आमचं एकेक अक्षर म्हंजी आख्खा शबुद, चित्रावानी.

"ख्वांग, हे काय?"

म्हनलं, "घर. एवढं येतंय मला."

"वर छप्पर. आणि छपराखाली कोण आहे, बघ."

मी बघतोय, बघतोय... पाय हायती, शेपूट हाय.

"डुक्कर आहे ते," मास्तर म्हनलं. "कासवाच्या कवचावर अक्षरं कोरायचे ना, तेव्हापासून. तीन हजार वर्षं झाली, छपराखाली डुक्कर म्हणजे घर."

तुमास्नी सांगतो, मी नाचलो! बाजारात! छपराखाली बाप न्हाई, आय न्हाई, बायकू न्हाई, डुक्कर! सुपाएवढं अक्षर लिवून घेतलं आन् आनून दारावर चिटकावलं. गल्लीत जो दिसंल त्येला वरडून सांगतोय, छपराखाली कोन हाय ते बघा! कपडं बांधत बसलेल्या यूलियेनलाबी सांगितलं. तिनं गाठोड्याची गाठ करकचून आवळली. बायकू अशी गाठ आवळाय लागली की मानसानं भ्यावं, पर मी त्या दिवशी हवंत. तिनं छत्री उचलली आन् गेली. म्हनलं, म्हायेरी गेली. न्हाई! मास्तराकडं!

परत आली ती दोन कागद घिऊन. एक बाहीत खुपसलेला, एक माज्या नाकाफुडं.

"छपराखाली कोन हाय ते बघ. बाईमानूस हाय. अर्थ ठावं हाय?"

"न्हाई."

"शांतता. आता बोल, तुला नुसतं घर पायजे, का घरात शांतता?"

मी दाह्वाफुडं आडवा हुबा ऱ्हायलो. तर ती वर म्हनती कशी, मास्तरांनी आनकी एक सांगितलंय. म्हनं, काही शहान्यांचं मत असं की घरातलं ते डुक्कर पाळलेलं न्हवंच, ते पूर्वजांफुडं बळी द्यायचं. आन् तिनं दाह्वाकडं बघितलं, मंग भिंतीवरच्या सुरीकडं. "ऱ्हाऊ दे की छपराखाली. सनापतूर ऱ्हाऊ दे."

पळालो मास्तराकडं! त्या निसरड्यावरनं तीनदा आपटलो. "मास्तर, अक्षराचा एक अर्थ धरत जावा की! मानसाची डुकरीन जाती हितं!" मास्तर म्हनलं, "अरे, मी तीन हजार वर्षांपूर्वी तिथं नव्हतो." मी म्हनलं, "मंग डुक्कर काढा, बैल घाला छपराखाली." तर म्हनं, "त्याचा अर्थ तुरुंग." घ्या! त्येंच्या टेबलावरचा एक कागद फाडला, तसाच माघारी पळालो.

घरात सामसूम. खिडकीतनं बघतोय तर भिंतीवर सुरी न्हाई. दार ढकललं. यूलियेन पेंढ्यात मांडी घालून, बाह्या वर सारून बसलेली, आन् दाह्वाचं डोकं तिच्या गुडघ्यावर. सात पिल्लं रांगंत, आठवं ही ओढतीया. सुरी नाळ कापाय घेतलेली.

"दार लाव," ती म्हनली. "लेकरांला वारं लागतंय."

म्हनलं, मी काय करू? म्हनली, काय न्हाई. तरी मी मदत केली. गरम पान्याचं घमेलं सांडलं, शेगडीत पाय घातला, नवव्यावर जवळजवळ बसलोच. अकरा झाली! दाह्वाला ही "बयो, बयो" म्हनतीया, बयो घुरतीया, दोघी एकमेकीच्या अशा भनी झाल्या की मला वाटलं, मीच परक्याच्या घरात शिरलोय. मंग तिनं बाहीतला दुसरा कागद काढला आन् माज्या हातात दिला. "हे तुजं."

छप्पर. छपराखाली मानूस. फकस्त मानूस, शेतावर काम नसलेला, घरात बसलेला. अर्थ? तिनंच वाचला. "जादाचा."

तवापासनं मी खोपीच्या छपरावर बसून पेंढा बांधतोय, बुडाखाली बरफ. कपडं तिनं परत पेटीत ठिवलं, सन घरीच हाय. परवा मास्तर खालनं चाललं हुतं. मी म्हनलं, मास्तर, छपराच्या वर मानूस बसला तर कंचं अक्षर? त्येंनी बोटानं तळव्यावर छप्पर काढलं आन् फुसलं. म्हनलं, "असं अक्षर नाही, ख्वांग."

मी म्हनलं, बरं हाय. तुमी काढूबी नगासा. तेवढाच एकटा हाय मी, ज्येचा कुनी अर्थ काढत न्हाई.